लातूरच्या पुंगळ्या

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी सगळ्यांच्याच वाट्याला काही ना काही आलं. कलेक्टरला कचेरी मिळाली, कचेरीला पाटी मिळाली, पाटीला हार मिळाला. पाऊस तेवढा वाटणीत आला नाही. लातूरवाले म्हणायचे, पाऊस उस्मानाबादनं ठेवून घेतला. उस्मानाबादवाले म्हणायचे, आमच्याकडं असता तर दिला नसता का? दोघांचंही खरं होतं. दोन्हीकडच्या विहिरींत आता फक्त तळ शिल्लक होता, आणि तो मात्र अगदी स्वच्छ दिसायचा.

पाणी नसलं तरी जिल्हा तो जिल्हा. दुसऱ्या जिल्ह्यात जे जे होतं ते ते लातूरला पाहिजेच होतं. जिल्हा खो-खो संघटना निघाली, जिल्हा भजनी मंडळ निघालं, जिल्हा सायकल दुरुस्ती संघ निघाला. कुणीतरी जिल्हा जलतरण संघटनाही काढली. तिच्या अध्यक्षाला लोक फार जपून वागवायचे.

मग रेणापूरचे शेषेराव कसे मागं राहतील? त्यांच्या घरी निजामाच्या काळातली, रानडुकरांसाठी घेतलेली बंदूक होती. रानडुकरं पाण्याच्या शोधात तालुका सोडून गेली होती आणि शेषेरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी युद्धबंदीच होती. तरी त्यांनी लातूर जिल्हा नेमबाजी संघटना काढली. अध्यक्ष स्वतः झाले. संघटनेत नेम धरू शकणारा माणूस एकच होता. तो म्हणजे साहेबराव.

साहेबराव फौजेतून हवालदार होऊन आलेले. महार रेजिमेंट. रेणापुरात कुणी “काय साहेबराव” म्हटलं तरी त्यांचे पाय आपोआप जुळायचे. आता ते लातूरच्या एका बँकेच्या दारात आपली दोन नळ्यांची बाराबोअर घेऊन उभे राहत. इतक्या वर्षांत ती बंदूक बँकेत एकदाही वाजली नव्हती. बँकेला हे चांगलं लक्षण वाटायचं. साहेबरावांना वाटायचं, दरोडेखोरांना आपली कदरच नाही.

बंदूक वाजायची ती फक्त नांदेडच्या स्पर्धेत. दर उन्हाळ्यात नांदेडवाले मराठवाड्यातले नेमबाज बोलवत. दोरीला मडकं टांगायचं, त्याला झोका द्यायचा आणि फोडायचं. साहेबराव दरवर्षी जात, दरवर्षी फोडत आणि दरवर्षी भोंग्यातून आवाज यायचा, “उस्मानाबाद जिल्ह्याचे साहेबराव!” टाळ्या पडायच्या. त्यांना त्या टाळ्या दुसऱ्याच्या लग्नातल्या जेवणासारख्या वाटायच्या. पोट भरतं, पण यजमान आपण नसतो.

यंदा मात्र जिल्हा आपला होता. साहेबरावांची एकच इच्छा होती. भोंग्यातून ‘लातूर’ ऐकायचं. एकदाच, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

आणि नांदेडहून एस.टी.च्या ड्रायव्हरकडून निरोप आला, “रविवारी स्पर्धा. उस्मानाबादकडून साहेबरावांनी यावं.”

शेषेरावांनी कपाळाला हात लावला. “अवो, कचेरी झाली, पाटी झाली, ह्यांना अजून म्हाईतच न्हाई?”

“जाऊन सांगू,” साहेबराव म्हणाले.

“सांगून कोण ऐकतंय? बार वाजला पाह्यजे. बार वाजला की कान उघडत्यात.”

बाजारात तयार काडतुसं मिळत नव्हती. म्हणून स्पर्धेचा नियम असा होता की बंदुकीची दारू, छर्रे आणि ती दारू पेटवणाऱ्या बारक्या टोप्या नांदेडवाले मैदानातच मोजून देणार आणि भरणी सगळ्यांसमोर होणार. पुंगळ्या मात्र ज्याच्या त्यानं आणायच्या. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग. एकदा उडालं की तीच पुंगळी धुऊन, पुसून पुन्हा भरता येते. पण ती लख्ख पाहिजे. कळकट पुंगळी नळीत अडकते. पंचांना मळकी दिसली की माणूस बाद.

साहेबरावांच्या पुंगळ्या तुपाच्या जुन्या डब्यात होत्या. डबा उघडला तर आत हिरवंगार. त्या दुष्काळात अख्ख्या रेणापुरात एवढी हिरवळ दुसरीकडं कुठं नव्हती.

अंगणात बसून त्यांनी एकेका पुंगळीच्या बुडातली जुनी उडालेली टोपी बारीक खिळ्यानं ठोकून काढली. मग चिंधी घेऊन घासायला लागले. घासघास घासलं. चिंधी हिरवी झाली, पुंगळी काळी पडली.

त्यांची बायको पंचफुला उंबऱ्यात उभी राहून हे बघत होती. तिनं बराच वेळ कळ काढली.

“अवो, लढाई करून राहिले का भांडे घासून राहिले?”

“हे भांडं न्हाई. फौजी वस्तू हाय ही.”

“पितळ हाय ना?”

“हाव.”

“मग माझ्याकडं द्या आन् गुमान बाजूला सरका.”

साहेबराव सरकले. पितळेच्या बाबतीत पंचफुला त्यांची वरिष्ठ अधिकारी होती. तिच्या सासूच्या उमेदीत त्यांच्या वस्तीला मडक्याखेरीज भांडं ठाऊक नव्हतं. पितळेची घागर घेऊन बाई निघाली तर गाव डोळे वटारायचं. म्हणून घरात पहिली पितळी घागर आली तेव्हा सासूनं ती डोक्यावर घेऊन, पाणी न भरताच, सगळ्या गावातून एक चक्कर मारली होती. तिच्यामागं ती घागर घासायचं काम पंचफुलाकडं आलं. तिच्या मांडणीवरची भांडी बघून पाव्हणे आधी केस नीट करत आणि मग बसत.

तिनं चिंच भिजवली, तेही वाटीभर पाण्यात. चुलीतली राख चाळून घेतली, मीठ टाकलं. करंगळीला फडकं गुंडाळून पुंगळीच्या आत फिरवलं, बाहेरून अंगठ्यानं रगडलं. हिरवा रंग सुटला, काळा सुटला आणि खालून असं पिवळं निघालं की साहेबरावांना आपण आजवर मळच उडवत होतो की काय असं वाटलं.

आता धुणं. टँकर चार दिवसांआड यायचा आणि माणशी दोन घागरींवर भांडणं व्हायची. त्यामुळं पंचफुलाची एक रीत होती. पाणी एका भांड्यात ओतायचं, खळबळायचं, तेच दुसऱ्यात, तेच तिसऱ्यात. शेवटी उरलेलं शेळीला. एका तांब्यात सगळी मांडणी धुवायची आणि शेळीही खूश.

तिनं पहिल्या पुंगळीत पाणी ओतलं. दुसरीत ओतायला वाकडी केली, तर आत काहीच नाही. पाणी खालून पळालं होतं. तिनं दुसरी बघितली. तिच्या बुडालाही भोक. तिसरीलाही.

साहेबराव तोवर बँकेत ड्युटीला गेले होते. विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नाही. पितळेचं भांडं, बुडाला भोक. ह्यात विचारायचं काय? ह्या माणसानं इतकी वर्षं फुटकी भांडी सांभाळून ठेवली, एवढंच तिला नवल वाटलं. आणि जरा दयाही आली.

तेवढ्यात गल्लीत हाळी आली, “कल्हईऽऽये!”

पंढरी कल्हईवाला भाता खांद्याला मारून चालला होता. तिनं त्याला हाक दिली.

“पंढरीभाऊ, हे बगा. समद्याच्या बुडाला भोकं.”

पंढरीनं एक पुंगळी डोळ्याला लावून आभाळ बघितलं. “वैनी, पेले लई बारके हायत. लेकरांचे का?”

“तुमच्या भावाचे.”

“बसवू का कथील?”

“बसवा. आन् आतून कल्हईचा हातबी मारा. न्हाई तर आत ठिवलेलं कळकंल.”

“आत काय ठिवत्यात?”

“दारू,” पंचफुला म्हणाली.

पंढरीनं साहेबरावांच्या घराकडं एकवार बघितलं. फौजी माणूस, बारके पेले. सगळं जुळत होतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. भट्टी फार न तापवता, नुसती धग देऊन त्यानं प्रत्येक पुंगळीत कथलाचा थेंब सोडला, वरून कापसाचा बोळा फिरवला. जास्त तापवली असती तर पितळ मऊ पडून पुंगळी कायमची बाद झाली असती. पण पंढरीचा हात हलका होता. शेवटी त्यानं एका पुंगळीत पाणी भरून ती उन्हात धरली.

“बगा वैनी. एक थेंब गळला तर पंढरी नाव लावणार न्हाई.”

संध्याकाळी साहेबराव घरी आले. पुंगळ्या रांगेत उभ्या होत्या. बाहेरून सोनं, आतून चांदी. त्यांनी एक उचलली. तिच्यात त्यांना आपली मिशी दिसली. दुसरीत दुसऱ्या बाजूची मिशी दिसली. फौजेत त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं की हत्यार हातात आलं की आधी आत बघायचं. पण मिशी इतकी झकास दिसत होती की त्यांनी बाहेरच बघितलं.

“कशा झाल्या?” पंचफुलानं विचारलं.

“पंचफुला,” साहेबराव म्हणाले, “लातूर जिल्ह्याला शोभतील अशा झाल्या.”

तिनं पदर नीट केला.

रविवारी साहेबराव, पंचफुला आणि शेषेराव असे तिघं एस.टी.नं नांदेडला निघाले. शेषेरावांनी पांढरा फेटा बांधला होता. कंडक्टरनं बंदुकीकडं बघून विचारलं, “हिचं तिकीट?”

“ती उभीच ऱ्हानार हाय,” साहेबराव म्हणाले. कंडक्टरला ते पटलं.

स्पर्धा नांदेडबाहेरच्या एका तळ्यात होती. तळ्यात म्हणजे अगदी मधोमध. पाणी आटून भेगाळलेला सपाट तळ उरला होता, त्याच्यापेक्षा चांगलं मैदान कुठं मिळणार? एका बाजूला मांडव, त्यात पंच, भोंगा आणि देगलूरचे गुरुपादप्पा. ते नांदेडच्या संघटनेचे प्रमुख, मोठ्या पोटाचे, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या तोंडाचे.

“या, या साहेबराव! आले का उस्मानाबादकर!”

“लातूरकर,” शेषेराव म्हणाले.

“कोण लातूरकर?”

“आम्ही. जिल्हा झालाय आमचा.”

“अय्यय्यो, हो का? आमच्याकडं तर काही आलं नाही बा.” गुरुपादप्पांनी शेजारी बसलेल्या माणसाकडं बघितलं. ते उस्मानाबादच्या संघटनेचे ईश्वरप्पा. “काय हो, हे तुमचे की वेगळे?”

ईश्वरप्पांनी पान खाता खाता मान हलवली. “आमचेच. घर वेगळं केलं म्हणून लेकराचं आडनाव बदलतं व्हय? साहेबराव उस्मानाबादचेच. दरसाल मडकं फोडत्यात, आमच्या नावावर जमा होतं. चालू द्या.”

“गुरुपादप्पा,” साहेबराव पाय जुळवून म्हणाले, “मी लातूरच्या नावानं मारणार. न्हाई तर मारणार न्हाई.”

गुरुपादप्पांनी पोटावरून हात फिरवला.

“असं करा. तुम्ही पहिला बार काढा. मडकं फुटलं तर भोंग्यात लातूर म्हणू. न्हाई फुटलं तर गुमान उस्मानाबाद. बोला?”

“बोललो,” साहेबराव म्हणाले.

भरणीच्या टेबलावर त्यांनी पुंगळ्या मांडल्या तेव्हा पंच उठून उभा राहिला. नांदेडचे नेमबाज आपापल्या पुंगळ्या खिशात लपवायला लागले. एकानं विचारलं, “दागिना हाय का काडतूस?” पंचफुला मांडवाच्या कडेला बसून सगळं ऐकत होती. इतकी ताठ की तिची सावलीसुद्धा सरळ पडली होती.

दारू मोजली, छर्रे मोजले, बुडात टोप्या बसल्या. आधी दोन पुंगळ्या भरून झाल्या. साहेबरावांनी त्या दोन नळ्यांत सारल्या आणि रेषेवर उभे राहिले. दोरी ओढली. मडकं झोके घ्यायला लागलं. शेषेरावांना मडकं दिसत नव्हतं, पण त्यांनी झोक्याबरोबर मान हलवायला सुरुवात केली.

साहेबरावांनी घोडा ओढला.

टिक्.

एवढंच. सुतारानं तोंडात खिळा चावावा तसं. मडकं मजेत झोके घेत राहिलं.

बार न झालेली बंदूक लगेच उघडायची नसते. कधी कधी आग आत उशिरा पोचते आणि उघडणाऱ्याचं तोंड उडतं. म्हणून साहेबराव नळी समोर धरून जागच्या जागी थांबले. पापणी हलली नाही. पहिल्यांदा लोकांनी ते कौतुकानं बघितलं. मग कुणीतरी हसलं. मग तळ्यातले सगळे हसले.

“अवो, झोपले का काय?”

“नेम लांबचा दिसतोय. थेट मुंबईचा!”

ठरलेला वेळ गेला. साहेबरावांनी दुसऱ्या नळीचा घोडा ओढला.

टिक्.

आता हसण्याला धरबंध राहिला नाही. भेगांतून सरडे बाहेर आले, बघून परत गेले. एक नांदेडी नेमबाज मांडवाचा खांब धरून ओरडला, “उस्मानाबादचा फुसका बाऽऽर!” आणि सगळ्या पोराटोरांनी ते उचललं. “उस्मानाबादचा फुसका बार! उस्मानाबादचा फुसका बार!”

ईश्वरप्पांचं पान तोंडातच थांबलं. इतकी वर्षं कमावलेली अब्रू तळ्याच्या भेगांत मुरताना त्यांना डोळ्यांसमोर दिसली. ते उठले, धोतर सावरत धावले आणि भोंगेवाल्याच्या हातातून माईक हिसकावून घेतला.

“ऐका, ऐका! मंडळी, गैरसमज नसावा! बार काढणारे गृहस्थ लातूर जिल्ह्याचे हायत! लातूर जिल्हा वेगळा झालाय! सरकारी पाटीबी लागलीय! उस्मानाबादचा ह्यांच्याशी काडीचा संबंध न्हाई! लातूर! लातूर! लातूर!”

भोंगा चांगला होता. आवाज तळ्याच्या त्या काठापर्यंत गेला आणि काठाला आपटून परत आला. “...तूर ...तूर ...तूर.”

शेषेरावांनी फेटा काढला आणि छातीशी धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात ते शोभत नव्हतं, पण आलं. साहेबराव रेषेवर होते तसेच उभे होते. त्यांना वाटलं होतं की हा शब्द ऐकू येईल तेव्हा काहीतरी मोठं होईल. मोठं झालं होतंच, पण सगळं मैदान हसत होतं. बारशाला पाहुण्यांनी यावं आणि पोराच्या नाकावर हसावं, तसं झालं होतं. नाव तर ठेवलं गेलं. आता पोर सांभाळायचं होतं.

त्यांनी हात वर केला. “पुंगळ्या अजून हायत माझ्याकडं.”

गुरुपादप्पा डोळे पुसत म्हणाले, “बोली पहिल्या बाराची होती, साहेबराव.”

“पहिला बार झालाच कुठं? टिक् झालं. बार म्हंजी धाड.”

पंचानं विचार केला. नियमात टिकचं काही लिहिलेलं नव्हतं. “नांदेडचे मारून होईस्तोवर वेळ,” तो म्हणाला.

साहेबराव बंदूक रिकामी करून मांडवाच्या कडेला येऊन बसले. रिकामी पुंगळी उचलली आणि ह्या वेळी मिशी न बघता आत बघितलं. बुडाला, जिथून टोपीची आग दारूपर्यंत जायची त्या भोकावर, चांदीचा एक टपोरा थेंब बसला होता. गोल, गुळगुळीत, झकास.

“पंचफुला,” ते हळूच म्हणाले, “ह्याला भोक होतं.”

“होतं की. समद्यालाच होतं. बुजवून घेतलं मी.”

“कामून?”

“कामून म्हंजी? पाणी गळत होतं!”

साहेबरावांनी पुंगळी तिच्यापुढं धरली. ह्या दुष्काळात, ज्या बाईनं एका तांब्यात संसार धुतला, तिला पितळेतलं भोक असू द्यावं असं कोण सांगणार होतं? त्यांनी तरी कुठं सांगितलं होतं?

“आग जायची वाट हाय ती,” ते म्हणाले. “तिथून ठिणगी आत जाती.”

पंचफुलानं पुंगळी हातात घेतली. तिचा चेहरा पडला. मांडवाच्या पलीकडून अजून एखादा ‘फुसका’ ऐकू येत होता. तिनं खाली बघितलं, मग एकदम वर बघितलं.

“खिळा कुठंय तुमचा? टोप्या काढायचा?”

साहेबरावांनी खिशातून काढून दिला.

“धरा नीट. हलू नका.”

साहेबरावांनी पुंगळी उलटी धरली. पंचफुलानं बुडावर खिळा टेकवला, शेजारचा दगड उचलला आणि एकच टोला हाणला, जात्याला टाकी लावणाऱ्या बाईसारखा. कथील मऊ असतं. खिळा आरपार गेला. तिनं पुंगळी डोळ्याला लावली आणि आभाळ बघितलं. मग साहेबरावांना दाखवलं. बारीक, गोल, स्वच्छ उजेड.

“आता पाणी गळंल,” ती म्हणाली.

“गळू दे,” साहेबराव म्हणाले.

नांदेडच्या शेवटच्या नेमबाजाचा बार झाला. मडकं फुटलं नाही, नुसतं कानावरून छर्रा गेल्यासारखं थरथरलं. साहेबराव उठले. दारू मोजली, छर्रे मोजले, टोपी बसली. लोक हसायच्या तयारीतच उभे होते. कुणी कुणी तर आधीच सुरुवात केली होती.

दोरी ओढली. मडकं झोका घेत वर गेलं, क्षणभर थांबलं, परत फिरलं.

धाड!

असा बार त्या तळ्यात पाणी होतं तेव्हाही कुणी ऐकला नव्हता. काठावरच्या बाभळीतून बगळे उडाले. पाणी गेलं तरी ते सवयीनं तिथंच राहत होते. धूर पांगला तेव्हा दोरी होती, गाठ होती आणि गाठीत मडक्याचा गळा तेवढा लटकत होता. बाकीचं मडकं तळ्यात सगळीकडं सारखं वाटून गेलं होतं.

हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली, आवाज मात्र टाळ्यांचा निघाला. गुरुपादप्पा पोट सांभाळत पळत आले आणि त्यांनी साहेबरावांना मिठीच मारली. “एवढी चकचकीत पुंगळी आन् एवढा दांडगा बार! अय्यय्यो, घासून कुणी दिल्या?”

“घरच्या मंडळींनी,” साहेबराव म्हणाले, आणि मांडवाकडं बघून त्यांचे पाय आपोआप जुळले. पाय तर कुणासमोरही जुळायचे, पण टाचा अशा वाजायच्या त्या फौजेत फक्त कर्नलसमोर. पंचफुलानं पदर डोक्यावर घेतला आणि कुठल्यातरी भलत्याच दिशेला बघायला लागली.

इकडं ईश्वरप्पा पुन्हा उठले होते. धोतर सावरलं, माईकपाशी पोचले आणि घसा खाकरला.

“मंडळी, मडकं फोडणारे हे साहेबराव मूळचे आमच्या उस्मानाबाद—”

“ओ काका!” पंचफुलाचा आवाज भोंग्याशिवायच काठापर्यंत गेला. “मघा काडीचा संबंध न्हाई म्हणला ना? काडी कुठून आणली आता?”

सगळं तळं हसलं. ह्या वेळी हसणं लातूरच्या बाजूनं होतं. ईश्वरप्पांनी माईककडं बघितलं, पंचफुलाकडं बघितलं, आणि माईक भोंगेवाल्याला परत देऊन टाकला.

भोंगेवाला गोंधळला. त्यानं साहेबरावांना विचारलं, “दादा, मग काय म्हणू मी?”

साहेबरावांनी बंदूक उघडली. रिकामी, गरम पुंगळी उडून बाहेर आली. ती त्यांनी झेलली, बोटं भाजत होती तरी सोडली नाही.

“मघाशी ह्या काकांनी तीनदा म्हणलं,” ते म्हणाले, “तेच म्हण. फक्त सावकाश.”